वैषम्य, नैर्घृण्य आणि मुलुंड

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात, ईश्वरावर दोन आरोप येतात. एक वैषम्याचा. कुणाला सुखात लोळवायचं आणि कुणाला जन्मभर खितपत ठेवायचं, हा उघड पक्षपात झाला. दुसरा नैर्घृण्याचा, म्हणजे निर्दयपणाचा. ज्याने जग केलं त्यानेच त्यात दुःख कालवलं आणि शेवटी सगळं मोडूनही टाकलं. सूत्रकार हे आरोप टाळत नाहीत. ईश्वर जीवांच्या कर्माकडे बघून सृष्टी करतो, त्यामुळे दोष त्याच्याकडे जात नाही, असं त्यांचं उत्तर आहे. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस भाताच्या शेतावरही पडतो आणि जवाच्याही. तिथे भात उगवणार की जव, हे बियाण्यावर ठरतं. पावसाचं त्यात काही नसतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवते. हा भाग आमच्या अभ्यासक्रमात नाही, पण सोळा-सतरा वर्षांची मुलं सुभाषित शिकतानाही नेमकी इथेच येऊन पोचतात. देव असेल तर मग असं का, हा त्यांचा प्रश्न. अलीकडे तोच प्रश्न मला माझ्या घरी विचारला जातो, रविवारी दुपारी, मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात, जेवणाच्या टेबलाभोवती. फरक इतकाच, की तिथे आरोपी मी असते. त्या टेबलापुरतं एक जग मी चालवते आणि ते जग म्हणजे मुलुंडच आहे.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्यात सोंगट्या पुढे सरकवून जिंकायचं नसतं. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि ते पात्र काय बोलतं, काय करतं ते सांगतो. एकजण पात्र घेत नाही. बाकीचं सगळं जग त्याच्याकडे असतं : रस्ते, हवा, शत्रू, शेजारी, पोलीस. पात्राने काही अवघड करायचं ठरवलं की फासा पडतो. अशा एकेका गोष्टीला कॅम्पेन म्हणतात आणि ती वर्षानुवर्षं चालू शकते. आम्ही खेळतो तो ‘कॉल ऑफ कथुलू’, 1981 मधला. त्यात दहा पैलूंचे दोन फासे टाकून एक ते शंभरमधला आकडा काढतात. पात्राला एखादी गोष्ट चाळीस टक्के येत असेल तर चाळीस किंवा त्याखाली पडलं पाहिजे. मूळ खेळात समुद्राखालची भयानक दैवतं असतात. ती आम्ही घेतली नाहीत. नियम घेतले आणि गाव आमचं घेतलं.

गाव आमचंच का, यावर सुरुवातीला बरीच चर्चा झाली. माझ्या भाच्याला टोकियो हवं होतं. मी आग्रह धरला, कारण कल्पनेतल्या राज्यात क्रूर होणं फार सोपं असतं. तिथे एका वाक्यात हजार घरं जाळता येतात आणि कुणी चहाचा घोट घ्यायचंही थांबत नाही. भांडुपच्या डोंगरावरचं एकच घर पाडायचं म्हटलं तर हात थांबतो, कारण ते घर कुणासारखं असेल, त्याला जिना कुठून असेल, दारात निळं पिंप कुठे असेल, हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मनात ईश्वराचा प्रश्न खरा व्हायला हे ठाऊक असणं लागलं.

आमची गोष्ट पाण्याची आहे. मुलुंडमध्ये राहून दुसऱ्या कशाची असणार? तानसाचे मोठे नळ आमच्या अंगावरून शहरात जातात. डोंगरापलीकडे विहार आणि तुळशी ही दोन तळी आहेत, विहार 1860 चं आणि तुळशी त्यानंतर एकोणीस वर्षांनी पुरं झालेलं. भांडुप संकुलात मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा गाळला जातो. शहराला रोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी मिळतं आणि त्यातलं बरंचसं आमच्या शेजारून जातं. तरी संकुलाच्या जवळच्याच टेकाडांवर पहाटे उठून पाणी भरावं लागतं.

या पाण्याच्या वाटेत चावीवाला उभा असतो. महापालिकेचा कर्मचारी, हातात लांब दांड्याची लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी आत घालायची, ठरलेले फेरे मोजून फिरवायची. या गल्लीचं पाणी सुरू, त्या गल्लीचं बंद. मग पुढच्या झाकणाकडे. मुंबई असंच पाणी पिते, पाळीपाळीने, विभागाविभागाने. आमच्या गोष्टीच्या सुरुवातीला मुलुंड कॉलनीकडचा एक चावीवाला नाहीसा होतो. चार पात्रं त्याला शोधू लागतात. भाच्याचं पात्र खिंडीपाड्यातला कॉलेजचा मुलगा. माझी मैत्रीण खऱ्या आयुष्यात परिचारिका आहे, खेळात ती रिक्षा चालवते. आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सर राष्ट्रीय उद्यानातले वनरक्षक झाले आहेत. आणि खालच्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, ते महापालिकेच्या टी वॉर्डाच्या कार्यालयातले कारकून.

आरोप झाला तो प्रसंग असा. खिंडीपाड्यात पाणी येईना. मुलाने कुठून तरी चावी मिळवली आणि रात्री झाकण उघडलं. मी म्हटलं, फासा टाक. यंत्रकामात त्याला पस्तीस टक्के. पडले एकसष्ट. चावी फिरेना.

या खेळात एक नियम आहे, ‘पुश’ करण्याचा. फासा फसला तर खेळाडूला तीच गोष्ट आणखी जोर लावून पुन्हा करता येते, पण आता फसली तर परिणाम वाईट होणार हे मान्य करून. भाच्याने विचारही केला नाही. “पुश करतो, मावशी. दोन्ही पाय झाकणाच्या कडेला रोवतो आणि ओढतो.” पडले अठ्ठ्याऐंशी.

मी परिणाम सांगितला. आतला दांडा पिळवटून तुटला. झडप अर्धी उघडी राहिली. वर पाणी चढलंच नाही आणि खालच्या चाळीच्या लाइनीतला दाब गेला. नळात दाब असतो तोवर पाणी फटीतून बाहेर गळतं. दाब गेला की बाहेरची घाण त्याच फटीतून आत ओढली जाते. चाळीशेजारून गटार वाहत होतं. दोन दिवसांनी चाळीतली एक चार वर्षांची मुलगी जुलाब-उलट्यांनी निपचित पडली. हे सांगताना माझी मैत्रीण मध्येच म्हणाली, “डोळे खोल गेलेत का? चिमटा घेतला तर कातडी तशीच राहते का?” ती रिक्षावाली उरली नव्हती, वॉर्डातली सिस्टर झाली होती. भाचा फाशाकडे बघत बसला. मग म्हणाला, “ही पोरगी आजारी पडली ती कुणामुळे? माझ्यामुळे, फाशामुळे, की तुझ्यामुळे?”

त्याला पावसाचा दाखला देता आला असता. मी फक्त नियम लावला, फासा सगळ्यांना सारखाच पडतो, जोर तू लावलास, फळ तुला मिळालं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत आणि त्यात पाचवं दैव आहे. तेही त्याला सांगता आलं असतं. पण त्याने विचारलं होतं त्या मुलीबद्दल. तिने काहीच केलं नव्हतं. तिचं बीज कोणतं?

त्या आठवड्यात मी शांकरभाष्य पुन्हा काढलं. तर्काला तिथे तोटा नाही. पुढचंच सूत्र विचारतं, सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हतं, मग पहिली विषमता आली कुठून? उत्तर असं, की संसाराला आरंभच नाही. बीज आणि अंकुर, अंकुर आणि बीज, मागे कितीही जा. हे उत्तर टेबलावर मला अगदी अंगाशी येऊन भिडलं. मी टोकियो किंवा एखादं काल्पनिक राज्य घेतलं असतं, तर त्यातली पहिली विषमता मला स्वतःच्या हाताने घालावी लागली असती. मुलुंड घेतल्यावर ती घालावीच लागली नाही. डोंगरावर कोण राहतं, टॉवरमध्ये कोण, मिठागराच्या कडेला कोण, हे आधीपासूनच ठरलेलं होतं. माझं जग अनादि होतं. मी नुसती गोष्ट सुरू केली.

पण मुंबईत अनादित्वालाही तारीख असते. झोपडीला संरक्षण मिळायचं तर ती 1 जानेवारी 1995 आधीची हवी, असं एकेकाळी होतं. पुढे 1 जानेवारी 2000 झालं. त्यानंतर आलेल्यांची वस्ती म्हणजे कागदावर नसलेली वस्ती, आणि कागदावर नाही म्हणून नळही नाही, असा हिशोब होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये निकाल दिला, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदेशीर आहे म्हणून माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही. त्याच निकालात असंही आहे, की कायदेशीर घरांच्या बरोबरीने पाणी मागण्याचा हक्क त्यांना नाही. माझ्या भाच्याच्या पात्राचा बाप तारखेनंतर मुंबईत आला, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. कागदावर एक ओळ लिहिली होती, बस. नंतर तीच ओळ सारखी पुढे येत राहिली. बाप काही महिने उशिरा गाडीत बसला, हे त्या मुलाचं प्रारब्ध मानायचं का? मला ते मानता येत नाही. ती तारीख माणसांनी ठरवली. त्यांनीच ती बदललीही.

माझं म्हणणं इथे येऊन ठरतं. पावसाचा दाखला ज्या शेतासाठी दिला गेला, तिथे ढग आणि बियाणं यांच्यामध्ये कुणी नव्हतं. आमच्या गावात आहे. मुंबईचा पाऊस खरोखरच समदर्शी आहे. तो तानसाच्या जंगलावर, तुळशीच्या पाण्यावर, टॉवरच्या गच्चीवर आणि ताडपत्रीवर सारखाच कोसळतो. मग तो तळ्यात साठतो, गाळला जातो, नळात शिरतो आणि चावीवाल्याच्या हातात येतो. तिथून पुढे समदर्शीपण संपतं. चावीवालाही बिचारा आपल्या मनाने फिरवत नाही. त्याचे फेरे वरून ठरून येतात. आणि तो फिरवत असतानाच बायका येऊन त्याच्याशी भांडतात, विनवतात, चहा आणून देतात. भांडता येण्याइतका जवळ तोच एकटा असतो.

टेबलावर मी पाऊस नव्हते. झडप कुठे आहे, खाली गटार आहे, चाळीत लहान मुलं आहेत, हे मला आधी माहीत होतं. ज्याला नळाचा नकाशा माहीत आहे त्याने पावसाचं निरपराधीपण मागू नये. ईश्वराबद्दल मी हे म्हणत नाही, त्याच्या नकाशाबद्दल मला काय कळणार. पण आपण माणसं जेव्हा पावसाचा दाखला देऊन दुसऱ्याच्या दुःखाची बोळवण करतो, तेव्हा आपण बहुतेक वेळा नकाशा हातात धरून उभे असतो.

यावरून कर्मसिद्धान्त खोटा ठरतो, असं मी मानत नाही. योगवासिष्ठात दैवाला फारच कमी जागा दिली आहे. दैव म्हणजे आपलाच जुना प्रयत्न, तो आजच्या प्रयत्नाने मागे सारता येतो, असा तिथला सूर आहे. मला तो फार प्रिय आहे. ‘पुश’चा नियम त्याच्या जवळचा वाटतो, कारण तिथे परिणाम आधी मान्य करून माणूस जोर लावतो. पण हा विचार ‘मी’ म्हणणाऱ्यासाठी आहे. माझ्या अडचणीत मी म्हणावं, हे माझंच, आता हलवू. समोरच्या चाळीतल्या मुलीकडे बोट दाखवून “तिचं कर्म” म्हटलं, की त्याच सिद्धान्ताचं हत्यार होतं. आपल्या समाजात ते कुणावर आणि किती शतकं चाललं, हे कुणाला सांगायला नको.

याच खेळात देवांचंही काय करायचं, हा प्रश्न सुटत नव्हता. 1980 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वाल्यांनी ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात जगभरच्या दैवतांना आकडे दिले आहेत. किती घाव सोसेल, अंगावर चिलखत केवढं, हल्ला किती जोराचा. आपले इंद्र, अग्नी, काली, विष्णूही त्यात आहेत. म्हणजे हिशोब जुळला तर विष्णूलाही मारता येतं. पुस्तक पाहून मला राग आला नाही, पण एक गोष्ट मनात पक्की झाली. सरांच्या वनरक्षकाला एकदा जंगलातल्या पाड्याजवळ वाघोबाचं ठाणं लागलं. वारली माणसं बिबट्याच्या सोबतीने राहतात, ती वाघोबाला मानतात. ठाण्यावर शेंदूर, समोर नारळाच्या करवंट्या. सरांनी विचारलं, “याची ताकद किती धरायची?” मी म्हटलं, आकडे नाहीत. तो बोलणारही नाही, माझ्या तोंडून तर नाहीच. वनरक्षकाला काय वाटतं ते तुम्ही सांगा.

देवाचं सोंग आपल्याला नवीन नाही. कोकणात दशावतार आहे, जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवांचे मुखवटे नाचतात. पण तिथे मुखवटा चढवणाऱ्यामागे गावाचा मान असतो, घराण्याची पाळी असते, नवस असतो. त्या रात्रीपुरता तो देव असतो आणि लोक त्याच्या पाया पडतात. माझ्यामागे असं काही नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर, काळ्या खडकाच्या माथ्यावर गावदेवी बसली आहे. तिच्या नावाने मी माझ्या गोष्टीला सोयीचा कौल कसा देऊ? आमच्या जगात देवस्थानं आहेत, पुजारी आहेत, नवस आहेत. देव मात्र माझ्याकडे नाही. ती एक जागा मी रिकामीच राहू दिली आहे.

उलट कान्हेरीच्या लेण्यांनी आम्हाला खूप दिलं. जंगलातच, डोंगर ओलांडला की. तिथल्या भिक्खूंच्या लेखी जग निर्माण करणारा ईश्वर नव्हताच, त्यामुळे ते दोन आरोपही नव्हते. पण जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी त्यांनी खडकात पाण्याची पोढी कोरली. पावसाचं पाणी पन्हाळीतून त्यात उतरतं. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या दात्यांनी काय काय दिलं ते शिलालेखात आहे, आणि त्यात पोढ्या येतात. कुणी पाणी दिलं, हे दोन हजार वर्षं दगडावर वाचता येतं. आमच्या नळांवर असं कुठे लिहिलेलं नसतं.

तरी मराठी माणूस या प्रश्नात फार वेळ भाष्यापाशी थांबत नाही, तो मंगळवेढ्याला जातो. दामाजीपंतांची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत असते. बिदरच्या बादशहाचा अधिकारी, कोठाराची किल्ली हातात. दुष्काळात त्याने कोठारं उघडली आणि लोकांना धान्य वाटलं. बादशहाचं बोलावणं आलं. पंत बिदरच्या वाटेवर असताना विठोबा विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याचे पैसे मोजले आणि पावती घेतली. मला ही कथा म्हणजे भाष्याला दिलेलं दुसरं उत्तर वाटते. इथला देव पाऊस होऊन अलिप्त राहत नाही. तो किल्लीवाल्याची बाजू घेतो, आणि येतो तो गावाने सगळ्यांत खाली ठेवलेल्या माणसाच्या अंगात.

पण त्याच मंगळवेढ्यात, परंपरेप्रमाणे 1338 साली, चोखोबा गेला. गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं. भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तोही गाडला गेला. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्याची हाडं वेचली, आणि त्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू येत होतं म्हणून ती ओळखता आली, असं सांगतात. पंढरपूरला महाद्वारासमोर त्याची समाधी आहे. दामाजीची थकबाकी भरायला धावलेला देव, त्याच गावात, चोखोबाच्या भिंतीला हात लावायला आला नाही. या दोन कथा मी एका जागी ठेवून बघते तेव्हा मला झोप येत नाही. कुणी म्हणेल, चोखोबाला मोक्ष मिळाला. मिळाला असेल. त्याच्याबरोबर गाडले गेलेले बाकीचे मजूर कोण होते, त्यांची हाडं कुणी ओळखली?

2 जुलै 2019 च्या मध्यरात्रीनंतर मालाड पूर्वेला कुरार गावात, पिंपरीपाड्याला, पावसात भिंत कोसळली. महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत. तीसहून जास्त माणसं झोपड्यांत झोपेतच गेली. पाणी साठवण्यासाठी बांधलेल्या जागेची भिंत, पाणी मिळण्यासाठी झगडणाऱ्यांच्या अंगावर. आमच्या खेळात एकदा सरांनी सुचवलं, गोष्टीचा शेवट 26 जुलैसारख्या पावसात करू. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला होता, 2005 साली. टेबलावर प्रत्येकाचा स्वतःचा 26 जुलै आहे. मी नाही म्हटलं. खऱ्या मेलेल्या माणसांवरून फासा टाकायचा नाही. परदेशात या खेळांत एक पद्धत रुळली आहे, टेबलाच्या मध्ये ‘एक्स’ लिहिलेलं कार्ड ठेवायचं. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडेही ते कार्ड आहे. मैत्रिणीने चाळीतल्या मुलीच्या वेळी त्याला हात लावला नाही. नंतर म्हणाली, “मला ती बरी झालेली बघायची होती, म्हणून.” ती बरी झाली. त्यासाठी मी फासा मागितला नाही.

भाच्याच्या प्रश्नाला मी तर्काने उत्तर दिलं नाही, नियम बदलला. पुश करण्याआधी परिणाम काय होईल हे मी आता मोघम सांगत नाही. कुणाच्या घरी होईल तेही सांगते. कोणती गल्ली, घरात कोण कोण आहे, आत्ता काय करत आहेत. मग विचारते, टाकतोस? नियम झाल्यापासून पुश कमी झाले आहेत. एकदा भाच्याने फासा उचलला, चाळीतलं घर ऐकलं, फासा खाली ठेवला आणि म्हणाला, “मग सकाळी वॉर्डात जातो. अर्ज करतो.”

अर्ज आला काकांकडे, कारण वॉर्डातले कारकून तेच. आता सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. अर्जात घराची तारीख लिहायची होती. खरी लिहिली तर फाइल तिथेच अडकणार. निकालाचा दाखला लावून, स्वतः शेरा मारून वर पाठवली तर वरिष्ठ विचारणार, तुला कुणी सांगितलं? काकांनी मला नियमाप्रमाणे परिणाम विचारला. मी सांगितला. चौकशी लागेल, बहुधा निलंबन, पेन्शन अडकेल. घरात आई आहे, मुलीची बारावी आहे. काका खऱ्या आयुष्यात चाळीस वर्षं सही करत आलेले माणूस. त्यांनी त्या रविवारी उत्तर दिलं नाही, घरी गेले.

पुढच्या रविवारी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, “सही करतो. फासा नको. सहीला फासा कशाला लागतो?”

खरंच लागत नाही. नियमाच्या पुस्तकातही तसंच आहे, जे पात्राला सहज जमतं त्याला फासा टाकायचा नसतो. पेन उचलणं सहज जमतं. इतके दिवस आम्ही नशिबाचं म्हणून ज्या गोष्टींना फासा टाकत आलो, त्यांतल्या किती सहीच्या होत्या, हे मी मनात मोजू लागले.

भाचा म्हणाला, “आता काकांचं बिल कोण भरणार? मावशी, विठू पाठव ना.”

मी सांगितलं, विठू माझ्याकडे नाही. देवाची जागा रिकामी आहे हे आपण ठरवलंय. काका गप्प होते. मग माझ्या मैत्रिणीने तिच्या पात्राचा कागद पुढे ओढला आणि म्हणाली, रिक्षाचे दिवसाला किती सुटतात ते तूच लिहून दिलं होतंस. गॅसचे आणि मालकाचे वजा करून काय उरतं त्यातले अर्धे महिनाभर. सर म्हणाले, वनरक्षकाला सरकारी क्वार्टर आहे, मुलगी अभ्यासाला तिथे येऊन बसू शकते, शांत असतं. भाच्याने विचारलं, खिंडीपाड्यातल्या लोकांकडे वर्गणी मागितली तर चालेल का, घरटी पन्नास. त्याला फासा लागेल का? मी म्हटलं, मागायला नाही लागत. देतील का, ते घराघरांत जाऊन बघू. आणि त्या दुपारी आम्ही घराघरांत गेलो. प्रत्येक दाराशी भाच्याने अर्जाचं काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, आणि प्रत्येक घरातलं माणूस मी वेगळं बोलले. एकीने पन्नास दिले. एकाने दार लावून घेतलं. एका म्हातारीने विचारलं, त्या कारकुनाला आई आहे म्हणतोस, तिला गुडघ्याचं दुखणं आहे का? काकांनी टेबलाच्या त्या टोकाहून उत्तर दिलं, “आहे.”